काटा खोटं बोलतो तेव्हा

पावसाळ्यात आमच्या वलवणला धुकं उतरलं की धरणाची भिंत तर सोडाच, समोरच्या घराचं फाटकही दिसत नाही. अशा वेळी जुन्या हायवेवरच्या गाड्या बघाव्यात. प्रत्येक जण पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून चालत असतो. एका जुलैत एक टेम्पोवाला आमच्या आळीत वळला, कारण त्याचं घरच इथं आहे. त्याच्या मागोमाग पर्यटकांच्या तीन गाड्या वळल्या आणि आळीच्या टोकाला भिंतीपाशी येऊन थांबल्या. पहिल्या गाडीवाल्याने काच खाली करून मला विचारलं, "काका, पुणे इकडूनच ना?"

आम्ही सगळे हसलो. चहा पाजला आणि मागे वळवून पाठवलं. पण गेल्या महिन्यापासून मला ती गोष्ट पुन्हा पुन्हा आठवतेय आणि आता हसू येत नाही. का, ते सांगतो. जरा लांबलचक आहे, सवडीने वाचा.

मी खोपोलीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. प्रेशर गेज, टेम्परेचर, लेव्हल, काटे, डायल, ट्रान्समीटर. घाट उतरायचा, ड्यूटी करायची, घाट चढायचा. आमच्या कामाचं सार एका वाक्यात सांगायचं तर, काटा जे दाखवतो ते खरं आहे की नाही हे बघत राहणं. पूर्ण बंद पडलेल्या काट्याची आम्हाला भीती नव्हती. तो शून्यावर बसला की कुणालाही कळतं. भीती असायची चिकटलेल्या काट्याची. मघाशी जे खरं होतं तेच तो आत्ताही छातीठोकपणे दाखवत असतो आणि माणूस त्याच्यावर विसंबून व्हॉल्व्ह फिरवतो.

माझी भाची विमान चालवायला शिकतेय. तिच्या परवानगीनेच लिहितोय. शाळा कुठली, गाव कुठलं ते लिहिणार नाही, कारण तिला अजून तिथेच शिकायचं आहे. तिची गोष्ट सांगण्याआधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती मुंबईची आहे आणि साठीच्या आसपासच्या लोकांना नक्की आठवेल.

१ जानेवारी १९७८. नव्या वर्षाची पहिली संध्याकाळ. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जम्बो विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं. एअर इंडियाचं हे पहिलं बोइंग ७४७. आत २१३ माणसं. रात्र पडलेली, खाली अरबी समुद्र, समोर काळोख. किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे वळण घेतलं आणि मग ते सरळ झालं. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं.

फक्त कॅप्टनच्या समोरचं एक यंत्र सरळ झालं नाही. त्याला कृत्रिम क्षितिज म्हणतात. विमान किती कललंय, नाक वर आहे की खाली, हे बाहेर काही दिसत नसताना तेच सांगतं. विमान सरळ झालं तरी ते यंत्र 'अजून उजवीकडे कललंय' असंच दाखवत राहिलं. म्हणजे आमच्या भाषेत काटा चिकटला. कॅप्टनने यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवलं. यंत्र हलेना, म्हणून आणखी डावीकडे. विमान नव्वद अंशांच्याही पलीकडे कललं आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात गेलं. उड्डाण करून दोन मिनिटंही झाली नव्हती. एकही माणूस वाचला नाही.

कॅप्टन नवखा नव्हता. त्याच्या गाठीशी अठरा हजार तासांच्या आसपास उड्डाण होतं. आणि कॉकपिटमध्ये कृत्रिम क्षितिज एकच नव्हतं, तीन होती. एक कॅप्टनसमोर, एक सहवैमानिकासमोर, एक राखीव. कॅप्टनने आपल्या यंत्राबद्दल शंका बोलून दाखवली, तेव्हा सहवैमानिकाचं उत्तर त्रोटक आणि गोंधळात टाकणारं आलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने 'त्या यंत्रावर जाऊ नका' अशा अर्थाचं बजावलं. पण ते शब्द आले तेव्हा हातात काही सेकंदच उरले होते. न्यायमूर्ती चांदूरकरांच्या चौकशीत यंत्राचा बिघाड, कॅप्टनचं चुकीचं नियंत्रण आणि बाकीच्या यंत्रांचा आधार घेऊन विमान न सावरणं, हे सगळं पुढे आलं. अमेरिकेत बोइंग आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांवर खटले झाले, ते तिथल्या न्यायालयाने फेटाळले.

आता कुणी म्हणेल, एवढ्या अनुभवी माणसाला स्वतःच्या अंगाला कळलं नाही, विमान कलंडतंय ते? नाही कळत. आपल्या कानाच्या आतल्या नळ्यांमध्ये द्रव असतो, त्याच्या हालचालीवरून मेंदूला तोल समजतो. वळण अगदी सावकाश झालं तर त्या द्रवाला पत्ताच लागत नाही. आणि लांब वळणातून सरळ झालो की उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. यंत्रांवर उडायचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला दिलं. सगळ्यांच्या हातून विमान सुटलं. सरासरी वेळ किती? १७८ सेकंद. पुरती तीन मिनिटंसुद्धा नाहीत. धुक्यात 'अंदाजाने जाऊ' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाकिटात लिहून ठेवावा.

जम्बोचं झालं. आता लहान विमान. शिकाऊ मुलं ज्यात बसतात ती दोन किंवा चार सीटची सेसना असते. तिच्यात वेग दाखवणारा काटा असतो, त्याची रचना इतकी साधी आहे की बघून गंमत वाटेल. पंखाखाली एक बारीक नळी पुढे तोंड करून बसवलेली असते, तिला पिटो ट्यूब म्हणतात. समोरून येणारी हवा तीत शिरून दाब तयार करते. बाजूला दुसरं एक बारीक भोक असतं, तिथून स्थिर हवेचा दाब मिळतो. दोन दाबांतला फरक म्हणजे वेग. आमच्या कारखान्यात पाइपमधला प्रवाह मोजायलाही हेच तत्त्व वापरतात.

आणि या नळीची मोठी वैरीण कोण? कुंभारीण माशी. तुमच्या-आमच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घरटं करते ती. विमान काही दिवस उभं राहिलं आणि नळीवर टोपण घातलेलं नसलं की तिला आयतं बीळ मिळतं. थट्टा वाटते ना? ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. कॅप्टनच्या बाजूची पिटो नळी बुजली होती, आणि ती बहुधा अशाच मातकाम करणाऱ्या माशीने बुजवली असावी, असं तपासात निघालं. विमान बरेच दिवस उभं होतं. त्यात जास्त चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. आपला काटा चालत नाही हे कॅप्टनला धावपट्टीवर असतानाच कळलं होतं. सहवैमानिकाचा काटा बरोबर होता. तरी उड्डाण थांबलं नाही.

नळी पूर्ण बुजली की काय होतं बघा. आत जुना दाब अडकून बसतो. विमान जसं वर चढतं तसा बाहेरचा दाब कमी होतो आणि काटा वेग वाढल्याचं दाखवायला लागतो. प्रत्यक्षात वेग वाढलेला नसतो. वैमानिकाला वाटतं फार जोरात चाललोय, तो नाक आणखी वर करतो, इंजिन कमी करतो. विमान खरोखरच मंद होतं आणि पंखांचा आधार सुटतो. नळी अर्धवट बुजली तर उलटा प्रकार. काटा मागे राहतो, वेग कमी दाखवतो. मग घाबरून नाक खाली दाबायची इच्छा होते आणि जमीन तर अजून जवळच असते.

यावरचा उपाय विमानाच्या पहिल्या महिन्यांतच शिकवला जातो. धावपट्टीवर वेग घेताना आधी काट्याकडे बघायचं, तो जिवंत झाला का, अपेक्षेप्रमाणे चढतोय का. नसेल आणि पुढे पट्टी शिल्लक असेल तर तिथेच थ्रॉटल बंद, ब्रेक. चाकं जमिनीवर आहेत तोवर काहीही बिघडलं तरी ती नुसती कटकट असते. एकदा हवेत गेलात की काट्याला विसरा. इंजिन पूर्ण जोरावर ठेवा आणि नाक नेहमी चढताना जिथे असतं तिथेच ठेवा. रोज या दोन गोष्टींनी जो वेग मिळतो तोच आजही मिळणार, काटा काहीही म्हणो. विमान चालवणं आधी, कुठे जायचं ते मग, रेडिओवर बोलणं त्यानंतर. पुरेशा उंचीवर गेल्यावर शांतपणे फेरी मारून उतरायचं.

कृत्रिम क्षितिजाचंही तसंच. जुन्या सेसनांमध्ये ते इंजिनवरच्या एका पंपाच्या ओढीवर फिरणाऱ्या भोवऱ्यावर चालतं. पंप गेला तरी भोवरा लगेच थांबत नाही. तो हळूहळू मंदावत, डुलत डुलत झोपतो. यंत्र 'मी मेलो' असं सांगत नाही, हळूहळू खोटं बोलायला लागतं. म्हणून पंपाच्या दाबाचा छोटा डायल बघायचा, विजेवर चालणाऱ्या वळणदर्शकाशी ताळा करायचा, आणि बिघडलेल्या यंत्रावर सरळ कागद चिकटवून टाकायचा. हो, कागद. कारण डोळ्यांना सवय असते, ते परत परत त्याच खोटारड्याकडे जातात. आम्हीही खराब गेजला लाल टॅग लावायचो, त्यामागे हेच कारण.

आता भाचीची गोष्ट.

सकाळची वेळ, आकाश स्वच्छ, शेजारी इन्स्ट्रक्टर. पट्टीवर धावताना काटा चाळीसच्या आसपास रेंगाळला. बाहेर जमीन तर नेहमीसारखी पळत होती. ती म्हणाली, "सर, एअरस्पीड..." पण इतक्या हळू, की इंजिनाच्या आवाजात ते सरांपर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्यांदा बोलावं की नाही या विचारात दोन सेकंद गेले आणि विमान उचललं गेलं. तेव्हा ती मोठ्याने बोलली. सरांनी विमान आपल्याकडे घेतलं, नाक नेहमीच्या जागी, थ्रॉटल पूर्ण. एक फेरी मारून उतरवलं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. मेकॅनिकने नळीतून चिमूटभर वाळकी माती काढली.

इथपर्यंत सरांचं कौतुकच आहे. पुढे मात्र तिला सांगण्यात आलं, साफ केलंय, आता वहीत कशाला लिहायचं, उगाच विमान दोन दिवस अडकून पडेल आणि तुझ्याच बॅचचे तास मागे राहतील.

संध्याकाळी तिचा फोन आला. "मामा, लिहू का नको?"

आणि मी, अठ्ठावीस वर्षं चिकटलेल्या काट्यांना लाल टॅग लावत आलेला माणूस, काय म्हणालो? "जाऊ दे ना बाळा. लायसन्स हातात पडू दे आधी."

मला त्या वेळी ताईचा चेहरा दिसत होता. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास उड्डाण लागतं. त्यासाठी पन्नास लाखांच्या घरात आणि पुष्कळदा त्याहून जास्त पैसे जातात. ताईने कामशेतकडची जमीन विकलीय. मुलीने वाकडेपणा घेतला, शाळेने तिची पाळी मागे टाकत ठेवली, तर? म्हणून मी मोठेपणाचा सल्ला दिला. रात्री झोप लागली नाही. धुक्यातल्या त्या तीन गाड्या आठवल्या. पुढच्याने चुकीचं वळण घेतलंय अशी शंका मागच्या एखाद्याला आलीही असेल, पण हॉर्न कुणी वाजवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला आणि म्हटलं, लिही. तिने लिहिलं. नंतरचे काही दिवस तिची पाळी 'योगायोगाने' लागली नाही, म्हणाली. खरंच योगायोग असेलही. मी कोण ठरवणार? पण एका बावीस वर्षांच्या मुलीला खरं लिहिल्यावर असा प्रश्न पडावा, यातच सगळं आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्र बिघडणारच. माती जाणार, पंप झिजणार, भोवरा झोपणार. त्यावरची युक्ती माणसाने केव्हाच शोधून ठेवलीय. आमच्याकडे बॉयलरच्या पाण्याची पातळी तीन वेगवेगळी यंत्रं मोजायची, आणि तीनपैकी दोन जे म्हणतील ते खरं धरायचं. विमानातही तीन क्षितिजं होतीच की. कमी पडतो तो आवाज. 'सर, तुमचा काटा खोटा आहे' असं धाकट्याने थोरल्याला मोठ्याने म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं. घरात, शाळेत, कारखान्यात हेच. ही सवय घेऊनच मूल कॉकपिटमध्ये बसतं आणि वर पोचल्यावर ती एकाएकी सुटत नाही. जमिनीवर वहीत दोन ओळी लिहू न दिलेली मुलगी उद्या तीनशे प्रवासी मागे असताना कॅप्टनला टोकेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची?

शाळांची बाजूही समजून घेतो. विमानं मोजकी, मुलं भरपूर, पावसाळ्यात उड्डाणं कमी. एक विमान अडकलं की वेळापत्रक कोसळतं, पालक फोनवर ओरडतात. त्या पालकांत उद्या आमची ताईही असेल. पण हे गणित कुठे नेतं तेही दिसतंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. २०२५ मध्ये डीजीसीएने देशातल्या फ्लाइंग स्कूलना पहिल्यांदाच श्रेणी दिल्या, तेव्हा वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही. आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी मुलं शिकतायत. शेतकऱ्यांची, नोकरदारांची मुलं आहेत ही.

अमेरिकेत १९७६ पासून एक पद्धत आहे. वैमानिकाने आपली चूक किंवा बिघाड कळवायचा तो शिक्षा करणाऱ्या खात्याला नाही, तर नासाला. नाव काढून टाकलं जातं आणि मुद्दाम किंवा गुन्हेगारी स्वरूपाचं काही नसेल तर वेळेत कळवणाऱ्याला दंडातून सूट मिळते. आपल्याकडे डीजीसीएकडे स्वेच्छेने कळवायची सोय आहे, पण विद्यार्थ्याला ती माहीत असते का आणि वापरायची हिंमत होते का? प्रत्येक शिकाऊ विमानाचं बिघाडांचं रजिस्टर विद्यार्थ्याला उड्डाणाआधी बघायला मिळालं पाहिजे. बिघाड लिहिणाऱ्याची पाळी पुढे ढकलली, तर शाळेला लेखी कारण द्यायला लावलं पाहिजे. आणि डायल झाकून उडण्याचा सराव एकदा करून सोडून न देता, दर थोड्या तासांनी परत घेतला पाहिजे, कारण हाताला सवय नसेल तर डोक्यातलं ज्ञान त्या दोन सेकंदांत येत नाही.

पालकांनाही सांगतो. फी, हॉस्टेल, नोकरीची हमी हे सगळं विचारता, एकदा हेही विचारा की गेल्या महिन्यात तुमच्या विमानांचे किती बिघाड वहीत लिहिले गेले? 'एकही नाही' असं उत्तर आलं तर खूश होऊ नका. अठ्ठावीस वर्षांत बिनबिघाडाचा एक महिना मी पाहिलेला नाही. वही कोरी असेल तर समजा, तोही एक चिकटलेला काटाच आहे.

भाचीशी काल बोललो. आता ती पट्टीवर धावताना काट्याचा आकडा मोठ्याने म्हणते. सर हसतात म्हणे, गावाला ऐकू जाईल म्हणतात.

जाऊ दे ऐकू. मामानेच आधी तिला गप्प बसवलं होतं, तेवढं तरी फिटू दे.